पडण्याची नोकरी

मी लग्नापासून स्वराज्य येईपर्यंत पडण्याची नोकरी केली. असं म्हटलं की आमच्या नाती एकमेकींना कोपरं मारतात. थोरली म्हणते, "आजी, लोकांना नीट सांग, तू पी.टी. शिकवायचीस." पी.टी. शिकवणारी बाई निराळी. ती शिट्टी फुंकते आणि निंबाच्या सावलीत उभी राहते. मी मुलींच्या अंगावर वजन टाकून पडायची आणि मुली मला खालून उलथवून टाकायच्या. एकीनं उलथवलं की पदर खोचायचा आणि पुढचीच्या अंगावर जाऊन पडायचं. शाळेत मला व्यायामाच्या बाई म्हणत. आमच्या घरात माझा हुद्दा 'वजन' असा होता. संपादकांनी शिक्षिकेच्या आठवणी मागितल्या तेव्हा त्यांना बिचाऱ्यांना खडू-फळ्याच्या हव्या असणार. आता मागितल्यात तर घ्या.

आमचे हे धुळ्याला मुलांच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. अंगानं इतके किडकिडीत, की मुलांच्या रांगेत उभे राहिले तर हजेरीत मोजले जायचे. पण तरुणपणी वऱ्हाडातल्या एका व्यायामशाळेत राहून ते जुजुत्सु म्हणजे जपानी कुस्ती शिकून आले होते. मी जळगावाकडची, असोद्याची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि घरचं लोणी ह्यांवर वाढलेली. लग्नाच्या मांडवात ह्यांच्या मावशीनं मला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "नवरी शे का कापूसनी गासडी?" मी रडून डोळे सुजवले. हे मात्र खुशीत होते. सारखे माझ्याकडे बघत आणि हसत. मला वाटलं, रूपावर भाळले. मूर्ख पोर! पंधरवड्यात कळलं की माणसाला बायकोपेक्षा सरावाला कुणीतरी जड हवं होतं.

ह्यांची विद्या सगळी खालच्या बाजूची. "मी लहान चणीचा," ते म्हणत, "मला जो भेटेल तो वरच येणार. मग मी वरचे डाव शिकून करू काय?" तेव्हा दुपारी जेवणं आटोपली की माजघरात गोधड्या पसरायच्या, मी ह्यांच्या अंगावर वजन टाकायचं आणि ह्यांनी मला उलथवायचं. धप्प. पुन्हा धप्प. एक दिवस शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. मास्तर नव्या नवरीला मारतो, अशी गल्लीभर बोलवा झाली होती. सासूबाई दळण टाकून उठल्या, दाराची फट करून आत पाहिलं आणि बाहेर जाऊन कपाळाला हात लावला. "तो नई मारत व माय! मना पोऱ्या खाले शे, तीच त्याले दाबी ऱ्हायनी!"

त्या दिवसापासून गल्लीत माझा वचक बसला. अजून कुणी मला पाणी भरताना ढकललेलं नाही.

आता ही विद्या काय, ते अनोळखी माणसाला कळेल असं सांगते. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली की निकाल. ढोलकं थांबतं, जिंकलेला फेटा उडवतो. ह्या जपानी प्रकारात पाठ लागल्यावरच काम सुरू होतं. खाली सापडलेल्यानं उताणं राहायचं नाही, कुशीवर व्हायचं. वरच्याचा एक पाय आपल्या दोन्ही पायांत आवळून धरायचा. ह्याला आम्ही पायकुलूप म्हणायचो. त्याच बाजूचा त्याचा हात ओढून आपल्या काखेत दाबायचा. दुसरा हात त्याच्या पाठीवर टाकून आपलं डोकं त्याच्या छातीला चिकटवायचं, तान्हं मूल आईला बिलगतं तसं. आता त्या बाजूला वरच्याला ना पायाचा टेकू, ना हाताचा. एका बाजूचं चाक काढलेली गाडीच ती. मग कंबरेनं उसळी मारून त्या बाजूला लोटून द्यायचा, आणि त्याच्याबरोबर आपणही वर यायचं. वाचायला सोपं वाटतं. मला स्वतःला हे कधीही जमलं नाही. शपथेवर सांगते. मी खाली गेले की मला हसू यायचं, आणि हसणाऱ्या माणसाला कुलूप लावता येत नाही. ही विद्या मला फक्त वरून ठाऊक आहे. पोळी जशी तव्याला ओळखते, तशी.

पुढे मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी ह्यांना विचारलं, मुलींना स्वसंरक्षण शिकवाल का. पुरुष शिकवणार म्हटल्यावर पालक खवळले. मग हे तोंडानं सांगणार आणि मी अंगानं दाखवणार, असं ठरलं. हे मैदानाच्या कडेला पाठ करून खुर्चीवर बसत आणि नुसत्या आवाजावरून ओरडत, "कोण उताणी पडली? कुशीवर व्हा!" जिनिंगवाल्यांकडून कवडी कापूस मिळायचा, कापडाला न चालणारा. तो बारदानात भरून आम्ही गाद्या केल्या. तास संपला की सगळ्यांच्या केसांत कापूस. मुली घरी जात तेव्हा रस्त्यावरचे लोक म्हणत, पाहा, कुस्तीवाल्या म्हाताऱ्या चालल्या.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. मुलींच्या बरोबर गावातल्या एक-दोन बायकाही येत. एका बड्या अंमलदाराची बायको टांग्यातून आली. मला म्हणाली, "मला वरचं तेवढं शिकवा. खाली पडायची आमच्याकडे पद्धत नाही." मी म्हटलं, "बाईसाहेब, वर काही शिकायचंच नसतं. वर नुसतं पडायचं असतं. ती जागा माझी आहे." ती पुन्हा आली नाही. तिच्याऐवजी तिची स्वयंपाकीण यायला लागली आणि सहा महिन्यांत पक्की तयार झाली. एक सुईण होती, हमीदाबी. ती मला उलथवायची आणि लगेच माझी कंबर चेपून द्यायची. "अक्का, माफ करो, जोर जास्ती हो गया." असे विद्यार्थी मिळायला नशीब लागतं.

माझा एकच तोरा होता आणि तो मी मोठ्यानं मिरवायची: मी फुकट पडत नसे. मुलीचं कुलूप ढिलं असेल तर मी तासभर तिच्यावर दगडासारखी बसून राही. रडली तरी उठत नसे. मुली म्हणायच्या, अक्का प्रेमळ आहेत पण गादीवर कसाई आहेत. हे ऐकून मला काय आनंद व्हायचा! वीस-बावीस वर्षांची बया मी, वजनाशिवाय अंगात दुसरा गुण नाही, आणि रुबाब असा की जशी काही मीच जपानहून बोटीनं आले.

आणि मग धुरपता आली.

ती पारोळ्याच्या झिपरू पैलवानाची मुलगी. खानदेशातल्या जत्रांत झिपरू पैलवान उतरला की दुसऱ्या गावचे मल्ल आजारी पडायचे, असा माणूस. बायको लवकर गेली. दुसरी केली नाही. पोरीला आखाड्याच्या कडेला झोळीत टाकून त्यानं तिथंच वाढवली. शिकायला म्हणून धुळ्याला बहिणीकडे ठेवली आणि तिला आमच्या तासाला स्वतः आणून सोडली. पोर उंच, हाडापेरानं घट्ट, डोळ्यांत हुशारी. मला वाटलं, ही तर पहिल्याच आठवड्यात मला गुंडाळणार.

कसचं काय. मी तिच्यावर गेले, तिची पाठ गादीला लागली, आणि तिनं सगळं सोडून दिलं. हात सुटले, पाय सुटले. मी उठले तशी ती उठली, खाली वाकून चिमूटभर काहीतरी उचलून कपाळाला लावलं, आणि मान खाली घालून बाजूला उभी राहिली. आखाड्यात हरलेला मल्ल लावतो तशी माती. गादीवर माती कुठून असणार? तिच्या कपाळावर कापूस चिकटला होता. मुली खो-खो हसल्या. मीही हसले.

"अग, सोडलंस का?"

"पाठ लागनी ना अक्का," ती म्हणाली. "मी हारनी."

रोज हेच. सांगून कळत होतं, पण अंगाला वळत नव्हतं. पाठ टेकली की बोटं आपोआप उघडायची. लहानपणापासून बापाच्या अंगणात तिनं तेच पाहिलेलं. शेवटी ह्यांनी युक्ती काढली. "तिला झोपूनच ठेव," म्हणाले. "पाडू नको. ती आधीच उताणी, तू आधीच वर. आणि गप्पा मारा. पाठ जमिनीला असताना माणूस जिवंत असतो, हे पाठीला कळू दे."

मग आम्ही गप्पा मारू लागलो. मी तिच्या अंगावर आडवी, आणि ती खालून मला नद्या म्हणून दाखवायची. तापी, गिरणा, पांझरा, बोरी. परीक्षेचा अभ्यास चालू होता. कधी घरचं सांगायची. बाप भाकरी थापतो तेव्हा कशी जाड होते, सण आला की तिची वेणी घालायला बसतो आणि गाठ सोडवता सोडवता स्वतःच रडतो, असलं. मी म्हणायची, "पायकुलूप ढिलं झालं बघ." ती बोलता बोलता आवळायची. असं करता करता एके दिवशी तिनं बोरी नदी अर्ध्यावर सोडली आणि मला उलथवून टाकलं. मी गादीवरून घरंगळून निंबाच्या आळ्यात. पलीकडं पाठ करून बसलेले हे टाळ्या वाजवायला लागले. ह्यांना आवाज ओळखू यायचा.

पण कधी जमायचं, कधी नाही. कुणी परकं बघायला आलं, की जुनी खोड उसळायची.

धुरपता सातवीची फायनल पास झाली. पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिचं नाव लागलं. मोठ्या बाईंनी सगळं जमवून दिलं होतं, राहण्याखाण्यासकट. राहिला होता तो बापाचा होकार. झिपरू पैलवान पारोळ्याहून आला आणि आमच्या ओट्यावर बसला. सासूबाईंनी चहा दिला. त्यानं तो बशीत ओतलाच नाही.

"अक्का, मी तिले धाडाव नई," तो म्हणाला. गावात लोक बोलतील म्हणून असेल असं मला वाटलं, म्हणून मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. स्त्रीशिक्षण, काळ बदलला, आणि असंच काय काय. भाषण मला छान येत असे. त्यानं हात वर केला.

"लोकेसनं माले काय? मी बठ्ठी जिंदगी लोकेसना पोऱ्यासले जमिनीवर दाबी धरं. वरतून दाबेल माणूसमा किती जोर ऱ्हास, ते माले ठावं शे. परका गाव. एकली पोर. मी तठे नई."

मी कपबशी त्याच्यापुढे सरकवली.

हे म्हणाले, "पैलवान, तिला खालून निघता येतं."

त्यानं कपबशी बाजूला सारली. मग म्हणाला, "माले दखाडा. अक्कानी तिले दाबनं, मनापाईन. ती निंघनी तं धाडसू. नई निंघनी तं ती मनाबरोबर पारोळाले चालनी." आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "पोर तुमनी लाडकी शे, मी जानस. पन फुकट पडू नका, अक्का. आठे पडशात, तं तठे तिले कोन सोडी?"

"मी फुकट पडत नाही," मी म्हटलं. तोऱ्यातच म्हटलं. तोरा होताच तसा.

रविवारी शाळेच्या मैदानात आम्ही चौघंच. हे नेहमीसारखे पाठ करून खुर्चीवर बसले. झिपरू पैलवान गादीच्या कडेला उकिडवा बसला, फेटा काढून मांडीवर ठेवला. धुरपता गादीवर आडवी झाली, कुशीवर वळली. मी तिच्यावर गेले. तिनं माझा उजवा पाय आपल्या पायांत घेतला. कुलूप बसलं. उजवा हात काखेत गेला. डोकं माझ्या छातीशी आलं. तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर आपटत होतं, पिशवीत धरलेल्या चिमणीसारखं.

आणि मला काय झालं कोण जाणे. त्या पोरीचं सगळं पुणं माझ्या पोटाखाली होतं. मी थोडी मागे सरकले. वजन तिच्यावरून काढून माझ्या गुडघ्यांवर घेतलं. अगदी थोडं. मनात म्हटलं, घे बाई, उचल आता, अक्का काही दगड नाही.

तिनं उसळी मारली. मी हलले, पण कलंडले नाही. तिनं पुन्हा मारली. पुन्हा तेच. मी आणखी हलकी झाले आणि तिचं आणखीच जमेना. तिचा खांदा घसरला. पाठ सपाट गादीला लागली.

झिपरू पैलवानाच्या तोंडून श्वास सुटला तो मला ऐकू आला. माझ्या पाठीवरची धुरपताची बोटं उघडली. मी डोळे मिटले. आता ती उठणार, कापूस कपाळाला लावणार आणि पारोळ्याची गाडी धरणार.

ती उठली नाही. माझ्या कानाशी, चिडून, लहान मुलीसारखी कुजबुजली, "अक्का, वजन टाका ना! असं कसं जमी माले?"

हे मला कितीदा सांगून दमले होते आणि मी कितीदा मान डोलावली होती. भरलेली गाडी कलंडते, रिकामी नुसती हलते. दाबणाऱ्याच्या दाबानंच दाबणारा जातो. जो दाबतच नाही, त्याला उलथवायचं कसं? मी माया करायला गेले आणि तिच्या हातचं हत्यारच काढून घेतलं होतं. इतकी वर्षं 'वजन' हा हुद्दा मिरवला आणि वजन कशासाठी असतं ते मला खालच्या पोरीनं सांगितलं.

मग मी टाकलं. असोद्याचं सगळं लोणी टाकलं. छाती तिच्यावर, हनुवटी तिच्या खांद्यावर, पायाची बोटं गादीत रोवून पुढे. ती कण्हली. तिची बोटं माझ्या पाठीवर परत मिटली. ती इंचाइंचानं कुशीवर वळायला लागली, माझ्या दाबाखाली, माझ्या दाबाच्या विरुद्ध, आणि मी तिला एक इंचही फुकट दिला नाही. तिचं तोंड लाल झालं. माझं किती लाल झालं होतं ते देवाला ठाऊक. एकदा वाटलं, नाही जमत हिला. तरी मी दाबतच राहिले. ते दाबणं मला जन्मात सगळ्यात जड गेलं.

आणि मग वरच्याला कळतं ते कळलं. ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आपण अजून दाबत असतो, पण ज्यावर दाबत असतो ते तिथं नसतं. जिना चढताना एक पायरी कमी निघावी, तसं. उजवीकडं टेकायला हात गेला, हात माझा नव्हता. पाय गेला, पाय माझा नव्हता. आभाळ वरून बाजूला आलं, निंबाचं झाड उलटं झालं, आणि मी धप्पकन पाठीवर. धुरपता माझ्या छातीवर, केस सुटलेले, श्वास फुललेला. तिचा घाम माझ्या डोळ्यांत.

"सुटली," हे तिकडं तोंड करूनच म्हणाले.

झिपरू पैलवान उठला. फेटा डोक्याला गुंडाळायला लागला. तीन वेळा गुंडाळला तरी नीट बसेना. मग तसाच वाकडा ठेवून त्यानं पोरीला विचारलं, "पुनाले कवय जानं शे?"

बस. एवढंच बोलला. धुरपता माझ्या अंगावरच बसून रडायला लागली आणि मला श्वास घेता येईना.

पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या स्टेशनावर आम्ही सगळे गेलो. चाळीसगावपर्यंत ही छोटी गाडी, तिथून पुढे मोठी. मोठ्या बाईंच्या ओळखीची एक मास्तरीण सोबतीला होती. झिपरू पैलवानानं पेटी आत ठेवली, उतरला, पुन्हा चढला, पेटी खिडकीच्या बाजूला सरकवली, पुन्हा उतरला. डब्यात जाड जाड भाकरी बांधून आणल्या होत्या, लसणाची चटणी होती. धुरपतानं खिडकीतून हात बाहेर काढला, त्यानं तो धरला, आणि गाडी हलली तरी सोडला नाही. फलाटाबरोबर चालत गेला. फलाट संपला तेव्हा सुटला.

मी हळूहळू त्याच्यापर्यंत गेले. आमचे हे मुद्दामच मागे राहिले. मी नेहमीसारखं काहीतरी तोऱ्यात बोलायला गेले, की पैलवान, पाहिलंत ना, आमच्या गादीवर फुकट कुणी सुटत नाही.

त्यानं रुळांकडे बघतच मान हलवली.

"अक्का, पहिलांदा तुम्ही हलक्या व्हयन्यात. गुडघावर बठन्यात. माले दखायनं."

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा मोठा मल्ल, त्याला काय दिसायचं राहील! मी पदर सावरत उभी राहिले. हा आता काय बोलतो, आणि पोरीला पुढच्या गाडीनं परत बोलावतो की काय, अशी मला भीती.

त्यानं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. अजिबात न लाजता, घाम पुसावा तसे.

"मी काही बोलनू नई," तो म्हणाला. "कारन मी बी तवय मनमा तेच म्हनी ऱ्हायंतू. पडा अक्का, पडा."